रिकामा बार

आमच्या पेठेतल्या तालमीला दोन खोल्या. एकीत तांबड्या मातीचा हौद, दुसरीत लोखंड. मी लोखंडाच्या खोलीत वाढलो. २००९ साली नोकरीत बदली होऊन कोल्हापूर सुटलं. मग वडिलांचं आजारपण, मुलीची शाळा. १४ वर्षं मी वजनाला हात लावला नाही. परतलो तेव्हा वय ४६, पट्ट्याला जादा भोक पाडलेलं, आणि दंड सदऱ्याच्या बाहीत हरवलेले.

आधी एका एसी जिममध्ये नाव घातलं. पहिल्याच दिवशी बेंचवर ६० किलो घेतलं आणि ते उठलं. वाटलं, काही गेलेलं नाही. चौथ्या आठवड्यात उजवा खांदा असा धरला की दोरीवरचा टॉवेल डाव्या हातानं ओढावा लागे. दोन महिने औषधं आणि विश्रांती. त्यानंतर मी अण्णांकडे गेलो. खरं तर पहिल्याच दिवशी जायला हवं होतं.

अण्णा पहाटे पाचला तालमीचं कुलूप काढतात, मारुतीपुढं उदबत्ती लावतात आणि रात्री कुणी कुठंही टाकलेल्या प्लेटा वजनाप्रमाणे रचतात. पगार नाही, कधी मागितलाही नाही. मला बघून एवढंच म्हणाले, "आलास व्हय? नुसता बार घे."

नुसता बार म्हणजे २० किलो. शेजारी विशीतली पोरं शंभरावर खेळत होती. बार खाली येताना अण्णांची दोन बोटं माझ्या पाठीच्या फऱ्यावर टेकलेली असत. फरा सुटला की बोटं दाबायची, "हितनं धर." आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात अंगात ताकद जाणवू लागली. मी १० किलोची प्लेट उचलली. अण्णांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, जागेवर ठेवली. "ताकद आलीया, मला दिसतंय की. पर शिरा अजून कच्च्या हायत."

त्यांचं म्हणणं किती नेमकं होतं ते मला पुढं वाचताना कळलं. व्यायामानं स्नायूच्या पेशीत नवी केंद्रकं येतात. ओस्लोच्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवर दाखवलं, की स्नायू सुकले तरी ही केंद्रकं तीन महिन्यांनंतरही टिकून होती. माणसात असंच घडतं का यावर अजून वाद आहे, पण एकदा कमावलेलं शरीर दुसऱ्यांदा लवकर भरतं हा अनुभव तालमीतल्या सगळ्यांचा. स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा मात्र सावकाश बळावतात. म्हणजे जोर आधी येतो, आधार मागून. माझा खांदा नेमका त्या मधल्या दिवसांत गेला होता.

सातव्या आठवड्यात अण्णांनी दोन्ही बाजूंना सव्वा किलोच्या प्लेटा चढवल्या. पुढंही तसंच, सव्वा-सव्वा. खाण्याचं विचारलं तर म्हणाले, "भाकरी तोडू नगंस, तिच्या शेजारचं वाढीव." माझं वजन ७८. किलोमागं १.६ ग्रॅम धरलं तर दिवसाला सव्वाशे ग्रॅम प्रथिनं हवीत. मी मांडून पाहिलं तर निम्मीही होत नव्हती. मग सकाळी चार अंडी आली, दुपारी मटकीची उसळ दोन वाट्या आणि ताक, रात्री ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी. त्या भाजीला बायकोनं कांदा-लसूण मसाला घातला म्हणून ती वर्षभर खाल्ली गेली. तेही ऋण आहेच. ११ महिन्यांनी काट्यावर फक्त दोन किलो उतरले होते. पण पट्टा तीन भोकं आत गेला होता आणि बाह्या दाटू लागल्या होत्या.

अण्णांनी मला काय उचलायला लावलं ते मी विसरेन कदाचित. काय उचलू दिलं नाही, ते विसरणार नाही. रोज पोरं वजन वाढवायचा हट्ट धरतात आणि हा माणूस रोज तितक्याच मायेनं नाही म्हणतो.

८० किलो उठलं त्या सकाळी अण्णांनी कपाटातून जुनी लांब वही काढली. माझं पान त्यात होतं. शेवटची नोंद २००९ची, निळ्या शाईत: '८० किलो, ३ वेळा.' त्याखाली त्यांनी तारीख घातली आणि थांबून मला विचारलं, "दुखतंय का?" मी नाही म्हणालो. त्यांनी वजन लिहिलंच नाही. लिहिलं, 'खांदा बरा.'