होडीवर चढलेला निळा

दिवाळीनंतर उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर कामाच्या खोलीत गेलो, तर कोबाल्टची निळी काच ओळखू येईना. नव्या डोळ्याने ती थंड, धारदार. डाव्याने पाहावी तर मळकट, हिरव्याकडे झुकलेली. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळं पडतं आणि निळा अडवतं, हे मला ठाऊक होतं. चित्रकार मोनेची 1923 सालची शस्त्रक्रियाही ठाऊक होती. तरीही हादरलो, कारण आयुष्यभर मी मिरवला तो निळाच.

रेवदंड्याजवळ एका शाळेच्या जिन्यात मी केलेली रंगीत काचेची खिडकी आहे. तीत वर कोरलईचा डोंगर, खाली कुंडलिकेचं मुख, मधे पांढरी होडी. तोंड पश्चिमेला. लाल काच आपल्या जागी बसते, निळा मात्र शिशाच्या पट्टीत राहत नाही. शेजारच्या पांढऱ्यावर पसरतो. फ्रेंच वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युकने एकोणिसाव्या शतकात यावर लिहून ठेवलंय. शार्त्रच्या कॅथेड्रलातल्या बाराव्या शतकातल्या कारागिरांनी निळ्याच्या कडेला ठिपक्यांच्या पट्ट्या रंगवून त्याला आवर घातला. पण त्यांचं ऊन फ्रान्सचं. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी समुद्रावरून येणाऱ्या उजेडाला पुरेल एवढा काळ्या रंगाचा हात काचेवर फिरवला, की जुलैत तोच निळा शाई होतो. एप्रिल सांभाळावा तर जुलै मरतो. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

खिडकी बसली तेव्हा सातवीतली एक मुलगी म्हणाली होती, "आजोबा, निळा पार होडीवर चढलाय." मला ते लहान मुलाचं बोलणं वाटलं. तिचं भिंग स्वच्छ होतं. ती जे पाहत होती ते मला दिसतच नव्हतं.

हल्ली अलिबागकडच्या बंगल्यांत काचेवर छापील फिल्म चिकटवतात आणि तिला स्टेन्ड ग्लास म्हणतात. मला राग दराचा येत नाही. त्या निळ्याला कधी आवरावंच लागत नाही, याचा येतो. याउलट मुंबईत राजाबाई टॉवरखालचं विद्यापीठाचं ग्रंथालय पाहा, ते 1878 साली पुरं झालं. इंग्रज वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉटने मुंबई न पाहताच त्याचा आराखडा केला होता. तरी तिथल्या काचांसमोर मान वर करून उभं राहिलं की उजेडाशी कुणीतरी झटलंय हे कळतं.

डाव्या डोळ्याचं उरकून घ्या, असं डॉक्टर सांगतात. मी टाळतोय. त्या डोळ्याला माझी खिडकी अजून मनासारखी दिसते, आणि तेवढं सुख सोडवत नाही.

काम मात्र उजव्यानेच करायचं ठरवलंय. एप्रिलमध्ये होडीलगतचे निळे तुकडे उतरवीन. मधला भाग मोकळा ठेवून फक्त कडा रंगवीन, होडीभोवती रुंद पट्टी घेईन. आणि रंग भट्टीत पक्का करण्याआधी ते तुकडे जिन्यात उन्हासमोर धरून मुलांना विचारीन, निळा अजून होडीवर चढतो का.