तालमींतील पंचा

तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशीं तिकोणा पेठ हें गांव आहे. त्या बाजूचीं जीं मुलें आमच्या शाळेंत येतात, तीं अंगानें काटक व कुस्तीचीं शौकीन. चैत्रांत जत्रांचे दिवस आले कीं त्यांचें चित्त वर्गांत राहत नाहीं; तें आम्हांला फारसें वावगेंही वाटत नाहीं. परंतु याच दिवसांत मानेवर पुळ्या व मांडीवर केसतुडें घेऊन येणारीं मुलें वाढतात, याची मात्र चिंता वाटते.

पालक दोष उष्णतेला देतात, आंब्यालाही देतात. बिचारा आंबा! वस्तुतः गळूं बहुधा एका जंतूमुळें होतें. १८८० च्या सुमारास अ‍ॅबर्डीनचे शल्यवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन यांनीं तो पुवांत पाहिला, व द्राक्षांच्या घडासारखा दिसतो म्हणून त्यास पुढें स्टॅफिलोकॉकस हें नांव दिलें. दहांतील सुमारें तीन निरोगी माणसांच्या नाकांत तो निमूटपणें राहतो. कातडी शाबूत आहे तोंवर त्याचें कांहीं चालत नाहीं. ती घामानें भिजली, लंगोटानें काचली, खरचटली, कीं त्यास दार उघडतें. २००३ सालीं अमेरिकेंत सेंट लुई येथील व्यावसायिक फुटबॉल संघांतील ५८ पैकीं ५ खेळाडूंना नेहमींच्या औषधांस न जुमानणाऱ्या याच जंतूनें गांठलें. प्रत्येक गळूं खरचटल्या जागींच झालें होतें, आणि तेथेंही एक टॉवेल अनेकांच्या अंगावरून फिरत होता. मग आमच्या तालमींतील एकुलत्या पंच्याची काय कथा!

आखाड्याच्या मातींत हळद, ताक, तेल, लिंबूं घालण्याची चाल चांगली. पण तेवढ्यानें ती निर्जंतुक होते असें कोणीं समजूं नये. पंचा व लंगोट ज्याचा त्याचा असावा आणि रोज धुऊन उन्हांत वाळवावा. कुस्ती संपतांच साबण लावून स्नान करावें. पवनेंत नुसती बुडी मारणें म्हणजे स्नान नव्हे. खरचटलेली जागा धुऊन झांकावी. केसतूड पिळूं नये. ताप आला किंवा लाली पसरूं लागली, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें, आणि त्यांनीं दिलेलें औषध अर्ध्यावर सोडूं नये.

सर्वांत अवघड तें फडाबाहेर बसणें. आंतरराष्ट्रीय कुस्तींत सांसर्गिक त्वचारोग असलेल्या मल्लास डॉक्टर खेळूं देत नाहींत. लेवीयाच्या तेराव्या अध्यायांतही याजक संशयित रोग्यास सात दिवस वेगळा ठेवून पुन्हा तपासतो. गेल्या वर्षीं नववींतील एका मुलानें जत्रेच्या आदल्या दिवशीं दंडावरील वाहतें गळूं बाहीखालीं लपविलें होतें. आम्हीं त्याच्या वडिलांस बोलावून घेतलें. ते स्वतः जुने मल्ल. लेकाची जोड ठरलेली, पाहुणे आलेले. बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, समोरचं पोरगंही कुणाचं तरी लेकरूच की," आणि स्वतः जाऊन जोड मोडून आले.

मुलगा त्यानंतर आठवडाभर आमच्याशीं धड बोलला नाहीं.