दांडा डुलतो म्हणून गिअरबॉक्स उतरवू नकोस

नरसी नामदेव, जि. हिंगोली
ज्येष्ठ वद्य पक्ष

चि. भाचेबुवा,

ताईचा फोन आला होता. गॅरेजवाल्यानं गिअरबॉक्स खाली घ्यायला सांगितलाय, सोबत क्लचप्लेटही टाकून घ्या म्हणालाय, आणि तू आगाऊ पैसे द्यायला निघालायस, असं कळलं. जरा थांब. तुझ्या मारुती 800 ची लक्षणं मी ताईला एकेक करून विचारली. न्यूट्रलमध्ये दांडा खुळखुळतो. पहिला टाकायला जावं तर तिसरा पडतो. रिव्हर्ससाठी दांडा घोळवत बसावं लागतं. पण एकदा गिअर पडला की गाडी नीट ओढते, आवाज नाही, घरघर नाही, मधेच गिअर सुटत नाही. गिअरबॉक्स गेलेली गाडी इतकी गुमान चालत नसते. तुझं दुखणं बहुतेक गिअरबॉक्सच्या बाहेर आहे, दांड्यापासून तिथवर जाणाऱ्या सळईच्या सांध्यांत, करंगळीच्या पेराएवढ्या बुशांत.

गॅरेजवाला लबाडच आहे असं मी म्हणत नाही. बुश बदलायला अर्धा दिवस गाडीखाली लोळावं लागतं आणि त्याची मजुरी मागायला त्यालाच लाज वाटते. गिअरबॉक्स उतरवला की दोघांनाही काहीतरी मोठं काम झाल्यासारखं वाटतं. एसटीच्या आगारात माझी उमर गेली. ‘गिअर पडत नाही’ एवढी तक्रार आली की नवी पोरं थेट मोठ्या कामाला हात घालायची, आणि जुने मिस्त्री आधी गाडीखाली बॅटरी मारून बघायचे. तू जुन्यांसारखं वाग. फोनवर तू मधेच ‘हो हो’ म्हणून मोकळा होतोस, म्हणून हे कागदावर लिहितोय. गाडीखाली जाताना सोबत ठेव.

आधी यंत्र समजून घे. जुन्या जीपमध्ये दांडा सरळ गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसलेला असायचा. मधे काहीच नाही, म्हणून झिजायलाही फारसं काही नाही. अॅम्बेसेडर आणि पद्मिनीत तोच दांडा स्टीअरिंगच्या नळीला होता. तिथून गिअरबॉक्सपर्यंत सळया आणि जोड यांची वरात. जोड झिजले की गाडी ऐन चौकात दोन गिअरांच्या मधे अडकायची आणि ड्रायव्हर खाली उतरून, बॉनेट उघडून हातानं सळई सोडवायचा. मुंबईच्या रस्त्यांवर त्या पद्मिनी टॅक्स्या अगदी ऑक्टोबर 2023 पर्यंत होत्या, म्हणजे या विद्येत पारंगत माणसं अजून असतील.

मारुती 800 ची तऱ्हा वेगळी. 1983 च्या डिसेंबरात ही गाडी आली तेव्हा आपल्याकडच्या मिस्त्रींना आडवं इंजिन आणि पुढची चाकं ओढणारी रचना नवलाचीच होती. गिअरबॉक्स इंजिनाच्या कुशीला, पुढे. दांडा मात्र दोन सीटांच्या मधे, मागे. हे अंतर एक लांब सळई भरून काढते. ती पुढे-मागे सरकली की गिअर पडतो किंवा निघतो, आणि स्वतःभोवती पिळली की कोणत्या रांगेतला गिअर हे ठरतं. तिच्या जोडीला दुसरी सळई आहे, ती दांड्याचं बूड गिअरबॉक्सला बांधून ठेवते, म्हणजे इंजिन हललं तरी दांडाही सोबत हलतो आणि गिअर आपोआप सुटत नाही. या सळयांच्या टोकांना, बोल्ट आणि लोखंडी डोळा यांच्या मधे, कुठे नायलॉनचे तर कुठे रबराचे बुश बसवलेले असतात.

आता हिशेब कर. दांड्याची वरची बाजू खालच्या बाजूच्या चौपट लांब धर. खालच्या सांध्यात एक मिलिमीटर ढिलाई आली की मुठीशी ती चार मिलिमीटर होते. अशी ढिलाई तीन-चार सांध्यांत थोडी थोडी साचली की मूठ बोटभर डुलते आणि सळईला खबरच नसते. त्यातून खरा तोटा पुढचा. तू दांडा पूर्ण ढकललास असं तुला वाटतं, पण गिअरबॉक्सच्या आतला, गिअर सरकवणारा फाटा अर्ध्यातच थांबतो आणि गिअर काठावर अडकून ओढत राहतो. असं वर्ष-दोन वर्षं चाललं की आतले दात गोलटतात. मग मात्र तुझ्या गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरेल. म्हणून मी घाई करतोय.

तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघ. बंद इंजिनात सगळे अलगद पडतात आणि चालू इंजिनात तेच करकरतात, असं झालं तर दोष बुशांचा नाही. क्लच पूर्ण सुटत नाही, आधी केबल बघ. बंद इंजिनातही दांडा घोळवावा लागत असेल तर ताईला गाडीत बसव, तिला हळूहळू दांडा हलवायला सांग आणि तू खालून बघ. दांड्याचं खालचं टोक हललं आणि सळई जराशी थांबून मग हलली की सांधा सापडला. बोट लावून बघ, बोल्ट डोळ्यात नाचताना हाताला कळतो. डोळ्यांपेक्षा इथे बोटावर विश्वास ठेव. सळई लगेच हलतेय, गिअरबॉक्सवरचा हातही तिच्यासोबत पूर्ण फिरतोय, आणि तरी गिअर पडत नाही, असं असेल तरच आत शिरायचं.

गाडी उचलण्याबद्दल मी कडक बोलणार आहे. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही. जॅक उचलायला असतो, पेलायला घोड्या लागतात. घोड्या नसतील तर बाभळीचे जाड ठोकळे चालतील. विटा नाहीत, वीट वरून दाबली की न सांगता फुटते. जागा फरशीची किंवा सिमेंटची हवी. आपली काळी माती पावसात लोण्यासारखी होते, जॅक एका बाजूनं खचतो आणि तुला कळायच्या आत गाडी कलते. आधी हँडब्रेक ओढ, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लाव, मग पुढची बाजू उचल. सायलेन्सरचा पाइप गार होऊ दे. डोळ्यांना चष्मा लाव, कारण पहिल्या ठोक्याला वर्षानुवर्षांची सगळी माती तोंडावर येते.

बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मार. ते नसेल तर डिझेल. सोडवायच्या आधी प्रत्येक जोडावर खडूनं खूण कर, कोणतं तोंड वर होतं, वॉशर कोणत्या बाजूला होता. फोटो काढ म्हणशील, काढ. पण खडूची खूण गाडीखाली दिसते आणि फोटोसाठी काळा हात खिशात घालावा लागतो. बोल्टचं डोकं एका पान्यात धरून दुसऱ्या पान्यानं नट सोडव. अडकलाच तर नट बोल्टच्या टोकाला सपाट येईपर्यंत ठेव आणि मग लाकडी हातोडीनं ठोक, म्हणजे आटे चेपत नाहीत.

जुना बुश बहुधा अख्खा निघत नाही. नायलॉनचा असेल तर पिवळट, एका बाजूनं कागदासारखा पातळ झालेला, आणि बोटानं दाबला की कडकन तुकडा पडतो. रबराचा असेल तर आतून गुळगुळीत लंबगोल. त्याचे तुकडे फेकून देऊ नकोस, कागदात गुंडाळून ठेव; दुकानदाराला दाखवायला तेच लागतात. बोल्टही नखानं तपास. मधोमध खाच लागली तर नवा बोल्ट घे. खाच पडलेल्या बोल्टवर नवा बुश टाकला तर तो दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

नवे बुश कंपनीचे मिळाले तर उत्तम. 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं तरी गाड्या खेडोपाडी इतक्या आहेत की सामान अजून मिळतं. नाही मिळालं तर लेथवाल्याकडे जा, पण त्याच्यासमोर उभा राहा. तो हौसेनं पितळेचा बुश करून द्यायला बघेल. घेऊ नकोस. पितळेनं डुलणं थांबेल, पण इंजिनाची थरथर थेट हातात येईल आणि झीज बुशाऐवजी बोल्टवर नि डोळ्यावर जाईल. झिजायचं काम स्वस्त तुकड्यानंच करावं, म्हणून तर तो तिथे ठेवलाय. नायलॉन घेतलास तर आणखी एक गोष्ट: नायलॉन पाणी पितो आणि फुगतो. उन्हाळ्यात हाताला घट्ट वाटेल असा कातलेला बुश श्रावणात बोल्टला धरून बसतो आणि गिअर पुन्हा जड होतो. किंचित मोकळा ठेवायला सांग. डेलरिन नावाच्या प्लॅस्टिकची सळई असेल तर तीच घे, ती पाणी फार कमी पिते. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायचा सल्ला कुणीतरी देईलच. फाट्यावर अडकलास तर घरापर्यंत पोचायला चालेल, त्यापुढे नाही.

बसवताना ठोकाठोकी करू नकोस. नायलॉनचा बुश गरम पाण्यात थोडा वेळ ठेव, तो जरा नरमतो. मग लांब बोल्ट, दोन मोठे वॉशर आणि एक सॉकेट घेऊन नट आवळत आवळत त्याला डोळ्यात ओढून घे. सरळ बसतो, चिरत नाही. नायलॉनला साधं ग्रीस चालतं. रबराला ते लावू नकोस, खनिज तेलानं रबर फुगतं. तिथे सिलिकॉनचं ग्रीस लाव किंवा कोरडंच ठेव. बदलायचे तर सगळे बुश एकदम बदल. एकच बदललास तर उरलेली ढिलाई तशीच राहते आणि तू म्हणशील मामाचा सल्ला फुकट गेला. नायलॉकचे जुने नट परत वापरू नकोस. दांड्याखालचा रबरी बूट फाटलेला असेल तर तोही टाक, चिखल तिथूनच वर येतो. मग गाडी घोड्यांवर असतानाच सगळे गिअर टाकून बघ आणि त्यानंतरच खाली उतरव.

घाईचं दुसरं कारण परतवारी, तू ताईला घेऊन येणार आहेस ती. आषाढी करून आलेली माणसं वद्य एकादशीला नामदेवांच्या दर्शनाला इथे लोटतात, हे तुला सांगायला नको. वारंगा फाट्यापासून हिंगोलीपर्यंत तू आरामात येशील. पुढे नरसीचा रस्ता त्या दिवशी माणसांचा असतो. पहिला, दुसरा, न्यूट्रल, पुन्हा पहिला, असं गोगलगाईसारखं चालावं लागतं, आणि झिजलेले बुश नेमके अशाच वेळी जवाब देतात. मागे पंजाबहून आलेल्या यात्रेकरूंची बस, पुढे दिंडी, आणि तुझा रिव्हर्स पडत नाही, असं व्हायला नको. ताई गाडीत असेल आणि बोलायला तिला कुणी शिकवायला नको.

सामान मिळालं की फोन कर. अडलास तर व्हिडिओ लाव, मी इथून बघतो. ताईच्या गुडघ्यांचा विचार करून गाडी कुठे लावायची ते मी इथे एकाला विचारून ठेवलंय. येताना दहा-बाराचा रिंगपाना आण. माझा शेजाऱ्यानं ‘आत्ता देतो’ म्हणून नेला, त्याला आता दुसरा पावसाळा लागला.

तुझा,
मामा