आमचं घराणं

आमच्या घराण्यात गाणं नाही. गाण्यावरून भांडण मात्र चार पिढ्या अखंड चालत आलेलं आहे. इतर घराण्यांत गुरूकडून शिष्याकडे चिजा जातात. आमच्याकडे बापाकडून मुलाकडे तक्रार जाते. तीही एकच : "यात गाणं कुठं आहे?"

मी बँकेतला कारकून, त्यात बी.कॉम. चेकवरची सही नमुन्याशी ताडून पाहणं हा माझा धंदा. त्याच नजरेनं परवा मी ही तक्रार ताडून पाहिली. चार पिढ्या, सही एकच.

पणजोबा 'सौभद्र'वाले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' आणलं आणि 1882 साली 'सौभद्र'. साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातल्या चाली, म्हणजे सगळा कानांवरून गेलेला माल. नाटक सुटलं की प्रेक्षक पद गुणगुणतच घरी जाई. पुढे 1911 साली 'मानापमान' आलं. गोविंदराव टेंब्यांनी त्यात उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीच्या चाली आणल्या. 1916 च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी चक्क रागदारी आणून बसवली. सारा महाराष्ट्र डोलला. पणजोबा तेवढे डोलले नाहीत. "यात गाणं कुठं आहे? नुसती गळ्याची कसरत!"

आजोबांनी तीच कसरत डोक्यावर घेतली. बालगंधर्वांच्या कुठल्या पदाला कुठल्या गावी किती वन्समोअर पडले, हा त्यांचा हिशेब आमच्या बँकेच्या लेजरपेक्षा चोख होता. एके दिवशी त्यांनी जुनी बाजाची पेटी विकत आणली. पणजोबांनी तिला 'विलायती खोका' म्हणून दारातच अडवलं. तसे ते चुकले नव्हते. हार्मोनियम पॅरिसची. देबाँ नावाच्या कारागिरानं 1842 च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. तिकडे ती पायानं वाजायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी हातभात्याची केली, म्हणून ती मांडी घालून बसणाऱ्यांच्या कामाची झाली. पुढे ऑल इंडिया रेडिओनंही पणजोबांचीच री ओढली. पेटीतून मींड निघत नाही, स्वर बांधीव, म्हणून 1940 साली तिला बंदी! ती सैल व्हायला 1971 उजाडलं. आता मात्र पेटी इतकी आपली झाली आहे की तिच्यावाचून भजन सुरू होत नाही.

मग आली तबकडी. मिनिटाला 78 फेरे आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्या मापात भावगीत चपखल बसलं. नाना, म्हणजे माझे वडील, त्यावर वाढले. आजोबा म्हणत, "तीन मिनिटांत कसलं गाणं? तेवढ्यात आमचा तबलजी हातोडी शोधायचा!" पुणे केंद्रावरून 1955-56 साली 'गीतरामायण' सुरू झालं तेव्हा मात्र आजोबा हात जोडून बसत. रामाचं नाव होतं ना! तक्रार ते नंतर न्हाणीघरात जाऊन करत.

माझी पाळी 1992 साली आली. मी 'रोजा'ची कॅसेट आणली. नानांनी पाच मिनिटं ऐकली. पुढचं वाक्य तुम्हीच म्हणा.

आता माझी लेक कॉलेजात आहे. ती रॅप करते. "बाबा, हे 1973 पासून आहे, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधलं," असं तिनं मला सांगितलं. मी खानदानी उत्तर दिलं. घराण्याची शिस्त मोडणारा मी कोण?

इथवर सगळं ठीक होतं. पण दोन वर्षांपूर्वी आई गेली. रोज संध्याकाळी आई म्हणायची आणि नाना पेटीवर साथ करायचे. तिचा सूर काळी दोन. तेराव्यानंतर नानांनी पेटी स्वतःच्या हातानं माळ्यावर टाकली. हळूहळू बोलणंही माळ्यावर गेलं. चहा हवा का? हूं. जेवायला वाढू? हूं.

यंदा इमारत पाडून नवी बांधायची ठरली. दोन वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढायची. मी भीतभीत विचारलं, "नाना, पेटी... विकायची का?"

"द्या," ते म्हणाले. मला ते आयुष्यभर 'अरे'च म्हणत आलेले. त्या 'द्या'नं मला रात्रभर झोप लागली नाही. तरी मी जाहिरात दिली. जागेपुढे कारकुनाचं काय चालतं?

रविवारी गिऱ्हाईक यायचं होतं. लेकीनं पेटी खाली काढली, पुसली, आणि वाजते का पाहायला भाता मारून एक पट्टी दाबून धरली. त्या एका सुरावर तिचं सुरू झालं : आमचा जिना, पाण्याची टाकी, बिल्डर, सोसायटीचा चेअरमन, सगळे एका दमात.

आतून आवाज आला, "यात गाणं कुठं आहे?"

आम्ही सगळे गप्प. कित्येक महिन्यांत नाना पहिल्यांदाच अख्खं वाक्य बोलले होते. ते बाहेर आले. "थांबलीस का? म्हण."

तिनं म्हटलं. नाना मांडीवर ताल धरून ऐकत राहिले. "अगं, हा तर कटाव! अमृतराय अठराव्या शतकात कटाव रचत होते. कीर्तनात बुवा एका श्वासात म्हणायचे. तुझ्या खापरपणजोबांना आवडला असता." मग तिला बाजूला सारून ते पेटीवर बसले. भाता ओढला, बोट काळी दोनवर गेलं, तिथं जरासं थांबलं. "ही तुझ्या आजीची," म्हणाले आणि तीच धरून ठेवली. "हं, घे."

तेवढ्यात बेल वाजली. दारात गिऱ्हाईक. मी म्हटलं, "माफ करा, पेटी द्यायची नाही." गृहस्थ रागावले नाहीत. आत मान वाकवून क्षणभर ऐकत राहिले. मग हळूच मला म्हणाले,

"अहो, पण यात गाणं कुठं आहे?"

मी त्यांना आत बोलावून चहा पाजला. आमच्याच घराण्यातले निघाले.