कात्रजची घोणस आणि तिचे आफ्रिकेतील भाऊबंद

नगरहून (आता अहिल्यानगर, जीभ मात्र अजून जुन्याच वळणावर आहे) पुण्याला जाताना आपण सुपे, शिरूर असे करत रांजणगावच्या गणपतीपाशी थांबतो. सोबत नातवंडे असतील, तर पुढे कात्रजपर्यंत अवश्य जावे. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सुरू झालेले तेथील सर्पोद्यान आज राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग आहे. चालणे बरेच आहे. गुडघे दुखत असतील, तर बॅटरीवर चालणाऱ्या गाडीची चौकशी प्रवेशद्वाराशीच करावी. बुधवारी संग्रहालय बंद असते.

गेल्या हिवाळ्यात मी वडिलांना आणि पुतण्याला घेऊन गेलो होतो. दूरचित्रवाणीवर वाढलेल्या त्या मुलाला आफ्रिकेतील ब्लॅक मांबा पाहायचा होता. वडिलांनी त्याला घोणसीच्या काचेपुढे उभे केले आणि म्हणाले, "मांबा राहू दे. ही आपल्या कडब्यात असते."

आफ्रिकेतील पफ अ‍ॅडर हा तिच्याच कुळातला. तसाच जाडजूड, तसाच फूत्कारणारा. आपल्या खडकाळ माळावरच्या फुरशाचे सख्खे भाऊबंदही पश्चिम आफ्रिकेपर्यंत पसरलेले आहेत. रूप सारखे असले, तरी विष सारखे नसते. भारतीय सापांच्या विषापासून बनवलेले प्रतिविष आफ्रिकेतील फुरशाच्या दंशावर अपुरे पडल्याचा अनुभव आहे. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. म्हणून साप पकडण्यात वा मारून आणण्यात वेळ दवडू नये. रुग्णाची लक्षणे पाहून उपचार करता येतात.

काचेपुढे उभा असताना मला पारनेर तालुक्यातील एक वयोवृद्ध रुग्ण आठवले. पहाटे अंधारात कडबा ओढताना त्यांच्या बोटाला दंश झाला. दंडाला दोरी करकचून बांधून घरच्यांनी आधी मांत्रिक गाठला. माझ्याकडे आले तेव्हा चार तास उलटले होते. काचेच्या कोरड्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांनंतरही गोठले नव्हते. प्रतिविष सुरू करून त्यांना मोठ्या रुग्णालयात धाडले. हृदयविकारासाठी ते रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत होते, हे मुलाला रुग्णवाहिकेत आठवले. मीही ते आधी विचारले नव्हते. मूत्रपिंडे थकली, डायलिसिस करावे लागले. तीन आठवड्यांनी ते घरी परतले.

आपल्या घरी कोणी अशा गोळ्या घेत असेल, तर औषधांची चिठ्ठी दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवा. दंश झाल्यास अवयव हलू न देता, दोरी न बांधता थेट रुग्णालय गाठा आणि ती चिठ्ठी डॉक्टरांच्या हाती द्या.

परतताना वडिलांनी शिरूरला गाडी थांबवायला लावली आणि स्वतःसाठी विजेरी विकत घेतली. पुतण्याने तिच्यासाठी सेल निवडले.