डबीतले घड्याळ

मला सोन्याच्या जुन्या मनगटी घड्याळांचा नाद आहे, हे सांगताना मी नेहमी आवाज जरा खाली आणतो. पेन्शनराच्या घरी सोन्याची घड्याळे म्हटली, की ऐकणाऱ्याची नजर हटकून कपाटाकडे जाते! तसे काही नाही. माझी मोजून चार आहेत. त्यांतले एक तर नुसत्या मुलाम्याचे निघाले. झाकणाच्या आतला ठसा वाचायला मी तेव्हा शिकलो नव्हतो. ०.७५० म्हणजे १८ कॅरट सोने, आणि '२० मायक्रॉन' म्हणजे वरवरचा थर.

आमच्या वाशीम-कारंज्याकडे असली घड्याळे मिळतात ती सराफाकडे, मोडीत. कुणाच्या आजोबांचे ओमेगा, कुणाचे फाव्र-ल्यूबा. सराफ कसोटीवर घासून बघतो, केस सोडवून वजन करतो, आणि स्विस कारागिराने जुळवलेले यंत्र कागदाच्या पुडीत बांधून परत देतो. मुशीत त्याचे काय होणार? सोन्याचा भाव चढला, की घड्याळे मरतात.

दादांचे घड्याळ असेच गेले. १९७२ च्या दुष्काळात शेत करपले आणि पुढच्याच वर्षी ताईचे लग्न निघाले. दादा सकाळी कारंज्याला गेले ते सांजेला पुडी घेऊन परतले. कुणी काही विचारले नाही. ते यंत्र त्यांनी तपकिरीच्या रिकाम्या डबीत ठेवले आणि मरेपर्यंत रोज आंघोळ झाली, की त्याला चावी दिली. वेळ बघायची तर डबी उघडायची! आम्ही पोरे हसत असू.

परवा वाशीमला एका सराफाकडे त्याच जातीचे घड्याळ आले. यंत्र गंजलेले, केस मात्र अस्सल. घड्याळजीने डबीतल्या यंत्राचे माप घेतले आणि म्हणाला, "बसेल." मी हरखून ताईला फोन लावला. ती बराच वेळ बोललीच नाही.

"दादांनी ते माझ्यासाठी मोडलं होतं रे," ती शेवटी म्हणाली. "तू ते आता जोडणार?"

मला उत्तर सुचले नाही. सराफ लक्ष्मीपूजनापर्यंत थांबायला तयार आहे. पुढे ती केस मुशीत जाईल. डबी माझ्यासमोर उघडी आहे. आज सकाळी चावी दिली. दिवसाकाठी सहा मिनिटे मागे पडते, पण चालते.