आठवण कोणी ठेवावी?

लखनौमधील मानक नगर ही रेल्वेची वसाहत. १९३० सालचे सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ सालचे रेल्वे टेस्टिंग अँड रिसर्च सेंटर यांना १९५७ साली एकत्र करून जी संशोधन व मानक संस्था उभी राहिली, तिचे ठाणे येथे आहे. गाडीचे चाक केवढे असावे, रुळाचा पोलाद कोणत्या कसाचा असावा, मापात फरक किती चालावा, हे ठरविणारी माणसे आमच्या शेजारी राहतात. आम्ही त्यांतले नव्हे. आम्ही केंद्र सरकारचे कागद या मेजावरून त्या मेजावर नेणारे साधे कारकून. परंतु येथे काही वर्षे काढल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, की चाकाला माप आहे, संसारातील कर्तव्याला मात्र ते कोणी घालून दिलेले नाही. आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांवर जो प्रसंग आला, तो त्यांच्या अनुमतीने आम्ही सांगत आहोत. मुलुख सोडून नोकरी करणाऱ्या आपणांपैकी कोणावरही तो यावा असा आहे.

या गृहस्थांना आम्ही अण्णा म्हणतो. आरेखक म्हणून त्यांनी येथेच उभी हयात घालविली आणि निवृत्तीनंतर जवळच आलमबागेत लहानसे घर केले. गळ्यात तुळशीची माळ. नोकरीत असताना वर्षाची रजा साठवून ती आषाढीच्या वारीत खर्च करावयाची, हा त्यांचा परिपाठ. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या माई, यांच्या हातची पुरणपोळी मानक नगरातील मराठी बिऱ्हाडांना दर होळीला पोहोचत असे. एका वर्षी पोळीत पुरणच नव्हते. आम्ही हसलो, माईही हसल्या. पुढच्या वर्षी पोळ्या आल्याच नाहीत.

येथील किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात वृद्धांच्या मानसिक आरोग्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. तेथे अण्णांबरोबर आम्हीही गेलो होतो. डॉक्टरांनी हिंदीतून माईंना पतीचे नाव विचारले. माईंनी मान खाली घातली आणि पदर सावरला. ज्या पिढीत नवऱ्याचे नाव उखाण्याखेरीज घेतले जात नसे, त्या पिढीच्या माई. आम्हांला तो संकोच वाटला. तसे आम्ही डॉक्टरांना सांगू लागलो, तेव्हा अण्णांनी आमचा हात धरला. हळूच म्हणाले, "संकोच नव्हे रे. तिला आठवत नाही."

स्मृतिभ्रंश हा म्हातारपणाचा नेहमीचा विसरभोळेपणा नव्हे. मेंदूच्या पेशी क्रमाक्रमाने निकामी होत जातात, आणि तो क्रम परतविणारे औषध अद्याप नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीवरून आपल्या देशात साठ व त्यावरील वयाच्या माणसांत शेकडा ७.४ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, हा विकार असावा असा अंदाज करण्यात आला. आकडा वाचून मन हलत नाही. मन हलते ते रात्री दोन वाजता मोकळा सोडलेला गॅस पाहून, पहाटे कुलूप उघडून रस्त्यावर गेलेल्या बाईंना शोधताना. शेवटच्या वर्षी तर माई संध्याकाळ झाली की अण्णांना परका पुरुष समजून भीत, ओरडत, आणि आपल्या घरी पोहोचविण्याची गयावया करीत. शहात्तर वर्षांचे अण्णा दाराबाहेर पायरीवर बसून राहत, कारण त्यांच्या दर्शनानेच ती भीती वाढत असे. पत्नीला धीर द्यावयाचा तर आपण तिच्या दृष्टीआड झाले पाहिजे, ही अवस्था ज्याने पाहिली नाही त्याने 'घरी का ठेवले नाही' हा प्रश्न विचारू नये.

तरी तो विचारला गेलाच. देशावरून नातलगांचे दूरध्वनी येऊ लागले. सप्तपदीची आठवण देण्यात आली. एकाने तर माळकरी माणसाचा विश्वास कोठे गेला, असेही विचारून घेतले. अण्णांनी कोणासही उत्तर दिले नाही. आपण तिला कोठे ठेवतो हा त्यांच्यापुढचा प्रश्न नव्हताच. कोणत्या भाषेत ठेवतो, हा होता.

या विकारात पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी जाते आणि बाळपणची शेवटपर्यंत टिकते. माईंची हिंदी गेली. चाळीस वर्षे ज्या हिंदीत त्यांनी भाजीवालीशी घासाघीस केली, शेजारणींची बाळंतपणे निभावली, ती भिंतीवरच्या ओल्या चुन्यासारखी गळून पडली. लखनौत एक चांगले शुश्रूषागृह पाहिले होते. तेथील बायका मायाळू होत्या. परंतु माई "मला पाणी द्या गं" म्हणत आणि त्या बिचाऱ्या पांघरूण आणीत. लखनौत ठेवले तर अण्णांना रोज भेटता येणार, घर राहणार, चार ओळखीची माणसे राहणार. पुण्यास ठेवले तर माईंचे बोलणे ऐकणाऱ्याला कळणार. एकीकडे स्वतःची सोय, दुसरीकडे तिचे पाणी. अण्णांनी आलमबागेतले घर विकावयास काढले.

त्या दिवसांत आम्ही अर्ज भरून देण्यास, कागदांच्या प्रती काढण्यास त्यांच्याकडे जात असू. एका रात्री त्यांनी मनातली खरी भीती सांगितली. ती लोकनिंदेची नव्हती. गीतेच्या आठव्या अध्यायाने अंतकाळच्या स्मरणाला फार मोठे स्थान दिले आहे. अण्णांची सारी उपासना नामस्मरणाची. "जिला माझे नाव आठवत नाही, तिला शेवटी विठ्ठलाचे कोठून आठवणार?" ते म्हणाले, "मग तिने साठ वर्षे लावलेल्या वातींचे काय?"

आम्हांजवळ उत्तर नव्हते. स्मृतिभ्रंश हा शब्दच गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे, पण तेथे तो क्रोध आणि मोह यांच्या मागून येतो. माईंच्या बाबतीत त्याचा काय संबंध? उत्तर पुढे अण्णांनाच सापडले. वराहपुराणातला म्हणून वैष्णव परंपरेत एक चरमश्लोक प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा, की ज्याने शरीर-मन धड असताना देवाला आठवले, तो अखेरीस काष्ठपाषाणासारखा निश्चेष्ट पडला तरी चिंता नाही. त्या वेळी आठवण ठेवण्याचे काम देव आपल्याकडे घेतो. अण्णांनी हा आशय आम्हांला सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा पुष्कळ दिवसांनी निवलेला दिसला. "म्हणजे हिशेब एकट्या तिच्या नावावर नाही," ते म्हणाले. "ज्याला आठवते त्याने आठवावे. देवाने त्याच्याकडून, मी माझ्याकडून."

श्रद्धेने माईंचा विकार हटला नाही, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. अण्णांना झोपेच्या गोळ्या लागल्याच, आणि निवृत्तिवेतनाचा मोठा भाग केंद्राच्या शुल्कात जाणार हेही टळले नाही. श्रद्धेने एवढेच केले, की जे करावयाचे होते ते त्यांना अपराध्याच्या मनाने करावे लागले नाही.

आमच्यासारख्या रेल्वेच्या छायेत राहणाऱ्यांना या विकाराच्या इतिहासातील एक गोष्ट ठाऊक असावी. १९०१ सालच्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची एक्कावन वर्षांची स्त्री दाखल झाली. तिचा पती कार्ल हा रेल्वेच्या कचेरीत नोकरीस होता. डॉक्टर आलोइस आल्झायमर यांनी तिला पतीचे नाव विचारले, तेव्हा तिने स्वतःचेच नाव सांगितले. खर्च पतीला झेपेना, म्हणून तिला दुसरीकडे हलविण्याचाही विचार निघाला होता. पण ती तेथेच राहिली आणि १९०६ च्या एप्रिलात वारली. त्याच वर्षी आल्झायमर यांनी तिच्या मेंदूची तपासणी विद्वानांपुढे मांडली, आणि १९१० साली रोगाला त्यांचे नाव मिळाले. डॉक्टरांचे नाव जगाच्या तोंडी झाले. रुग्ण स्त्रीचे नावही आता ग्रंथांतून येते. बायकोला परक्या दारात सोडून संध्याकाळी रिकाम्या घरी परतणाऱ्या त्या रेल्वेच्या नोकराची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही. अण्णांना ही हकीकत सांगितली, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आपल्याच खात्यातला म्हणायचा."

पुष्पक एक्स्प्रेसने आम्ही त्यांना कल्याणपर्यंत सोबत केली आणि तेथून पुण्यास नेले. माई प्रवासभर खिडकीशी बसून होत्या. कल्याणच्या फलाटावर मराठी घोषणा कानी पडताच त्यांनी मान वळवून पाहिले, एवढेच. केंद्रात पोहोचल्यावर एका सेविकेने पुढे येऊन विचारले, "आजी, दमलात का?" आणि माई उत्तरल्या, "दमले गं बाई." तीन शब्द. अण्णा पाठमोरे झाले.

आता केंद्राजवळच एका खोलीत अण्णा राहतात. रोज चार वाजता ते जातात, तासभर बसतात आणि परत येतात. याला ते वारी म्हणतात. पायाच्या दुखण्याने पंढरीची वारी सुटली, ही त्याच्या बदली. एकदा आम्ही धीर करून विचारले, "अण्णा, त्या ओळखत नाहीत, तरी रोज जाता. वाईट वाटत नाही?" ते म्हणाले, "अरे, विठ्ठल ओळख देतो म्हणून का आपण पंढरीला जातो?"

वाचकहो, आपण सारे बदलीच्या हुकमावर जगणारे. कोणी लखनौत, कोणी गुवाहाटीत, कोणी चेन्नईत म्हातारे होणार. घर कोठे बांधावे याचा विचार आपण पुष्कळ करतो. पाणी कोणत्या भाषेत मागता येईल याचा करीत नाही. हातपाय चालते आहेत आणि सही स्थिर आहे तोवर नवरा-बायकोंनी एकमेकांशी हे बोलून ठेवावे, मुलांना सांगून ठेवावे, जमल्यास लिहूनही ठेवावे. ते अभद्र नव्हे.

गेल्या एकादशीला अण्णांचा दूरध्वनी आला. आवाज प्रसन्न होता. त्या दिवशी माईंनी त्यांना विचारले होते, "आपण कोणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच," अण्णा म्हणाले.

"मग बसा की," माई म्हणाल्या, आणि आपल्या शेजारची जागा त्यांनी हाताने पुसून दिली.